तीनशे सात भागिले दहा

"कुठं लावायचं? कपाळाला?"

बाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. मी दिंडोरी तालुक्यातल्या त्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. तिसरीच्या वर्गाला ऐटीत सांगत होते, की दहाने गुणणं म्हणजे जगातली सगळ्यांत सोपी गोष्ट. संख्येला एक शून्य लावायचं की झालं, शंभराने गुणायचं तर दोन लावायची. पलीकडे चौथीचा वर्ग होता आणि मध्ये भिंत नव्हती, दोन लोखंडी कपाटं होती. त्या कपाटांच्या फटीतून एक शिडशिडीत बाई आडवी होऊन बाहेर आली आणि माझ्या अख्ख्या वर्गासमोर तिने मला हे विचारलं.

"संख्येच्या शेवटी," मी म्हटलं.

"अडीचच्या शेवटी लाव बघू. दोन पॉइंट पाच, त्याला लावलं शून्य. झाले का पंचवीस?"

"बाई, ही तिसरी आहे. पॉइंटचं सगळं पुढं येतं."

"पुढं येतं तेव्हा तू तिथं असशील का? पोरगं सातवीत जाऊन म्हणणार, आमच्या मॅडमनी खोटं सांगितलं. मग तू सांगितलेलं बाकीचं तरी त्याने खरं का धरावं?"

एवढं बोलून बाई आल्या तशाच आडव्या होऊन फटीतून परत गेल्या. पोरं तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसत होती. मी डी.एड.ला कॉलेजात पहिली आलेली, बक्षीस मिळवलेली. रागाने माझे कान तापले. मनात म्हटलं, ही बाई आणि मी एका छपराखाली टिकणं शक्य नाही. टिकलो मात्र, त्या निवृत्त होईपर्यंत. मला मुलं मॅडम म्हणायची आणि त्यांना बाई, आणि गावाच्या लेखी शाळा म्हणजे बाईच होत्या.

बाईंच्या वर्गात शून्य लावायला आणि शून्य कापायला बंदी होती. पोराने शिवी दिली तर एक वेळ कान पिळून सुटका व्हायची, पण "शून्य उडवलं" म्हटलं की अर्धा तास गेला. त्यांचं म्हणणं असं, की आकडे घरात राहतात. उजवीकडे एककाचं घर, त्याच्या डावीकडे दशकाचं, मग शतकाचं, मग हजाराचं. दहाने गुणलं की प्रत्येक आकडा उठतो आणि डावीकडच्या घरात जाऊन बसतो. तो मोठा होतो ते घर बदलल्यामुळे. एककाचं घर रिकामं पडतं, तिथे शून्य बसतं. दहाने भागलं की सगळे उजवीकडे सरकतात आणि एककात जो असतो त्याला घरच उरत नाही. तो बाहेर ओट्यावर येतो. तो म्हणजे बाकी.

"शून्य काही करत नाही गं," त्या मला सांगायच्या. "ते नुसती जागा धरतं. एस्टीत खिडकीतून रुमाल टाकतो ना आपण, तसं. रुमालामुळे गाडी पळते असं कुणी म्हणतं का?"

पटांगणात रोज सकाळी त्या चुन्याच्या फक्कीने चार घरं आखायच्या. बारा महिने त्यांच्या साडीच्या काठाला चुना असायचा. पोरं गळ्यात पुठ्ठा अडकवून आकडे व्हायची आणि जो शून्य होईल त्याच्या हातात खिचडीचं रिकामं ताट. "दहापट!" असं बाई ओरडल्या की सगळ्यांनी एक घर डावीकडे उडी मारायची. "दहावा भाग!" म्हटलं की उजवीकडे. "शंभरपट!" म्हटलं की दोन घरं, आणि त्यात हमखास कुणीतरी आपटायचं. सगळ्यांनी तोंड शाळेच्या भिंतीकडे करायचं हा कडक नियम होता, कारण बघणाऱ्याकडे तोंड केलं की डावं-उजवं उलटं होतं. रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना वाटायचं, पोरांना शिक्षा झाली आहे.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, एवढं का धरून बसलात? काही घडलं होतं का पूर्वी?" मला वाटलं, एखादी करुण कहाणी निघेल, डोळे पुसायला लागतील.

"काय घडायचंय? खोटं आहे ते. खोटं आहे म्हणून सांगायचं नाही. त्याला कहाणी कशाला पाहिजे?"

आम्ही दोघी म्हसरूळहून एकाच जीपने जायचो. जीप म्हणजे ड्रायव्हरच्या मनाला येईल तेवढी माणसं. बाई मूळच्या सटाण्याकडच्या, एरवी बोलणं अगदी शहरी, पण डोकं फिरलं की आतली अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे?" म्हणजे 'हे काय आहे?', असं ऐकू आलं की शाळेत खिचडीच्या रांगेपर्यंत सगळं चिडीचूप. जीपमध्ये मात्र त्या मजेत असायच्या. कुणी नवीन माणूस चढला की म्हणायच्या, "सरका, सगळ्यांनी एकेक घर सरका." ड्रायव्हर एकदा चौथ्या माणसाला आमच्या सीटवर कोंबत होता. बाई म्हणाल्या, "अरे, एका घरात नऊच्या वर मावत नाही. दहावा आला की पुढच्या घरात पाठवायचा."

"बाई, पुढच्या घरात मी बसलोय! गाडी कोण चालवंल?"

त्या दिवशी बाई दिंडोरी येईपर्यंत हसत होत्या.

घरी त्या एकट्याच. नवरा मनमाडला रेल्वेत होता, तो लवकर गेला. मुलगा ओझरला, विमानांच्या कारखान्यात. तो म्हणायचा, आई, आता बस कर, घरी राहा. बाई म्हणायच्या, "घरी राहून कुणाला सरकवू?"

हट्टी तर इतक्या, की खिचडीलाही सोडलं नाही. आमच्याकडे खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. एकदा आजूबाजूच्या शाळांची मुलं खेळांसाठी आमच्याकडे आली आणि जेवणारी तोंडं नेहमीच्या दहापट झाली. बाईंनी चुलीपाशी उभं राहून हिशेब सांगितला. तांदूळ दहापट, डाळ दहापट, तिखट दहापट.

"बाई, तिखट एवढं नगं," मावशी म्हणाल्या. "मोठ्या पातेल्यात ते लय चढतं."

"दहापट म्हणजे दहापट, मावशी. त्यात चढतं-उतरतं काही नसतं."

त्या दिवशी शाळेची पाण्याची टाकी दुपारच्या आत रिकामी झाली. पाहुण्या शाळेतली पोरं नळाला तोंड लावून रडत होती. बाईंनी स्वतः दोन घास खाऊन पाहिले, डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि सगळ्या पोरांना पटांगणात बसवून मोठ्याने सांगितलं, "आज मी चुकले. मावशी नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. तिखट घरं बदलत नाही." एवढं साधं. कुणी हसलं नाही. मावशींनाच ओशाळल्यासारखं झालं, त्या म्हणाल्या, "असूंद्या बाई, पोरंच हायेत." मला मात्र त्या दिवसापासून बाईंचा राग येईनासा झाला.

आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष द्राक्षबागायतदार. माणूस वाईट नाही, पण घाईचा. मणी फुगवायला घड औषधाच्या पाण्यात बुडवतात, त्या दिवसांत एकदा सकाळी सकाळी त्यांचा बाईंना फोन आला. आम्ही जीपमध्ये होतो. बागेत बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या आणि यांचा गोंधळ उडाला होता.

"बाई, हजार लिटरला दहा ग्रॅम सांगितलंय. माझी टाकी शंभर लिटरची. शून्य किती उडवायची तेवढं सांगा, बाकी काय नगं."

"शून्य उडवायचं मी सांगत नसते. शंभर लिटर हजाराच्या किती?"

"आता बायका खोळंबल्यात, बाई..."

"खोळंबू द्या. दहापट औषध गेलं तर घडांचं वाटोळं होईल, मग त्या बायकांना कामच उरणार नाही. किती?"

पलीकडून पुटपुटत मोजल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला, "दहावा भाग."

"मग औषध?"

"त्याचाही दहावा. एक ग्रॅम. एकच ग्रॅम! अरं बापरे, मी तर..." फोन बंद झाला.

बाग त्या वर्षी झकास आली. अध्यक्षांनी बाईंच्या घरी द्राक्षांची पेटी पाठवली, आणि त्याच महिन्यात स्वतःच्या मुलाला गावात नव्याने निघालेल्या क्लासला घातलं. तिथला सर शॉर्टकट शिकवायचा. शून्य दिसलं की उडवा. म्हणजे द्राक्षाला बाईंची पद्धत आणि पोराला क्लासवाल्याची. मी हे बाईंना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "घड बोलत नाही ना. पोराला नंबर आणावा लागतो."

आता त्या दिवसाकडे येते.

थंडीचे दिवस होते. शाळा तपासणारे साहेब येणार म्हणून पालकसभाही त्याच दिवशी ठेवली होती. साहेब चौथीच्या वर्गात आले, मोबाइल तीन पायांच्या स्टँडवर लावला, व्हिडिओ चालू केला आणि टाळी वाजवून म्हणाले, "चला, पटापट! विचार करत बसायचं नाही, उत्तर द्यायचं!" हे वाक्य कानावर पडलं तेव्हाच बाईंचा चेहरा बदलला. मी दारात उभी होते, मी पाहिला.

"चाळीस भागिले दहा?"

"चार!"

"सहाशे भागिले शंभर?"

"सहा!"

"तीनशे सात भागिले दहा?"

"सदतीस!" अध्यक्षांचा मुलगा आणि क्लासची चारपाच पोरं एका सुरात ओरडली.

"व्हेरी गुड! टाळ्या!"

पोरांनी मधलं शून्य उडवलं होतं. शिकवलंच तेवढं होतं, ते शेवटी आहे की मधे आहे हे बघायचं कुणी सांगितलं नव्हतं. साहेब टाळ्या वाजवत होते, अध्यक्ष वाजवत होते, मागे उभे असलेले आईबाप वाजवत होते. एवढी मोठी माणसं चुकीच्या उत्तराला टाळ्या देताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मागच्या ओळीत एक मुलगी बसायची. पेठ तालुक्याकडची. आईबाप दर हंगामाला द्राक्षाच्या कामाला आमच्या गावात यायचे, तेवढे महिने ती आमच्या शाळेत. ती बोटांनी आकडे उजवीकडे सरकवत होती आणि तिने हात वर केला होता. "तीस, बाकी सात," असं ती म्हणाली. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.

बाईंनी तो हात खाली जाताना पाहिला.

"हाई काय शे?"

टाळ्या थांबल्या. साहेबांना अहिराणी कळली नसावी, पण सूर कळला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "दहा जणांना सदतीस-सदतीस पेट्या वाटायच्या तर तीनशे सत्तर लागतात. माझ्याकडे तीनशे सातच आहेत. वरच्या त्रेसष्ट तुमच्या घरून आणता का?"

पालक हसले. साहेबही हसले, जरा उशिरा. "बाई, छोटीशी चूक आहे. नंतर बघू. व्हिडिओ चालू आहे."

"चालू आहे ते बरंच आहे. चला बाहेर."

आणि त्यांनी सगळी सभा पटांगणात काढली. कुणी नाही म्हणायच्या आत घरं आखली गेली. मावशींच्या गळ्यात तीनचा पुठ्ठा घालून त्यांना शतकाच्या घरात उभं केलं. मला शून्य केलं, हातात रिकामं ताट दिलं, दशकाच्या घरात. "साहेब, तुम्ही सात व्हा. तिघांत मोठा आकडा." साहेबांना ते पटलं. त्यांनी स्वतःच पुठ्ठा गळ्यात अडकवून घेतला आणि एककाच्या घरात जाऊन उभे राहिले.

"तोंडं भिंतीकडे!"

साहेबांनी गावाकडे पाठ केली. मावशी माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "बाई, सायबापेक्षा मी मोठी कशी?"

बाईंना ऐकू गेलं. "मावशी, तुम्ही तीनशे आहात आणि ते सात आहेत. घर बघा, आकडा बघू नका."

मागे हशा पिकला. मी पाठमोरी होते, पण साहेबांचा कान लाल झालेला मला शेजारून दिसत होता.

"दहावा भाग!"

मावशींनी साडी सावरून उडी मारली, दशकात. मी ताट घेऊन एककात गेले, तर तिथे साहेब अजून उभेच. त्यांच्या उजवीकडे घर नव्हतं. चुन्याची रेघ संपत होती आणि पुढे नळाजवळचा चिखल होता.

"साहेब, सरका."

"कुठं सरकू?"

"बाहेर. सात दहा जणांत वाटले जात नाहीत. तुम्ही बाकी."

"मी का बाहेर जायचं? शून्याला काढा ना!"

सगळी चौथी एका आवाजात ओरडली, "शून्य नाही काढायचं!" त्यात अध्यक्षांचा मुलगाही होता. साहेबांनी पुठ्ठा काढला, बाईंच्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले. कुणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते आजूबाजूच्या गावांत पोचलं आणि तिथेच बाईंचं भवितव्य ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या पेठच्या मुलीला जवळ बसवलं. "तू बरोबर होतीस," त्या म्हणाल्या.

"पन सायबानी त्यान्ला टाळ्या दिल्या ना."

"साहेब चुकले."

"सायब कसा चुकंल?" तिने विचारलं. चेष्टेने नाही, खरंच विचारलं.  परतीच्या जीपमध्ये बाई मग म्हणाल्या, "माझ्या सांगण्याचा उपयोग नाही. टाळ्या त्यांनी वाजवायला लावल्या. चुकलं हे त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे."

आठ दिवसांत हुकूम आला. चौथी माझ्याकडे, पहिली बाईंकडे. साहेबांनी तोंडी निरोप पाठवला, की गैरवर्तनाची दिलगिरी आणि यापुढे सोप्या पद्धतीने शिकवीन एवढं एका ओळीत लिहून द्यावं, चौथी परत मिळेल. बाईंच्या निवृत्तीला फार तर दोन वर्षं उरली होती. चौथीची ती पोरं त्यांची शेवटची होती. खडूचा डबा आणि पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून देताना त्यांचे डोळे भरून आले. "ही पोरं सोडवत नाहीत गं मला," त्या म्हणाल्या.

"मग लिहून द्या ना, बाई. एक ओळ. मी हात जोडते."

"एक ओळ कशाला, पानं भरून देते. माझं वागणं चुकलं असेल. पण त्यांचं उत्तर चुकलंय. त्यांनी वर्गात येऊन म्हणावं, सदतीस चुकलं. मग मी माझं म्हणते. दोघांनी आपापलं म्हणायचं."

"आणि मी काय शिकवू?" मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

"तू नोकरी सांभाळ. साहेब म्हणतील तसं शून्य लाव. तू वरून लाव, मी खालून, पहिलीतूनच काढते." आणि पदराने नाक पुसत त्या पहिलीच्या वर्गात गेल्या.

मी लावलं नाही. एकदाही नाही. साहेब आले की मी फळा पुसायचे, गेले की परत घरं आखायचे. बाई तिकडे पहिलीत चिंचोके घेऊन बसायच्या. नऊ चिंचोके झाले, दहावा आला की पुरचुंडी बांधायची आणि पुढच्या घरात नेऊन ठेवायची. एवढीएवढीशी पोरं "घर बदललं, घर बदललं" म्हणत नाचायची. बाई मला म्हणाल्या, "मी इतकी वर्षं उशिरा धरत होते. चौथीत येईपर्यंत शून्य चिकटलेलं असतं. इथंच धरायला पाहिजे होतं." पण चौथीच्या दारावरून जाताना त्यांची चाल मंदावायची, ते मला दिसत होतं.

पुढच्या वर्षी वरून फर्मान निघालं, की गणित खेळातून शिकवावं, प्रत्येक शाळेने असा उपक्रम दाखवावा आणि त्याचे व्हिडिओ पाठवावेत. साहेब लगोलग हजर. बरोबर अध्यक्ष.

"बाई, तुमचा तो घरांचा खेळ," साहेब गोड आवाजात म्हणाले, "फार नावीन्यपूर्ण. चौथी परत घ्या. लिहून वगैरे काही नको, झालं गेलं विसरून जाऊ."

"आनंद आहे," बाई म्हणाल्या. "चला, आत्ताच पोरांना बोलावते. तेवढं सदतीस चुकलं म्हणा, आणि मग मी खेळ घेते."

"एवढंसं होतं हो ते."

"एवढंसं होतं तर म्हणायला काय जातं?"

"बाई, माझ्या पदाचा काही मान आहे की नाही?"

"मी शेकडो पोरांपुढे चुकले म्हणाले, ते नुसत्या तिखटावरून. माझ्या केसालाही धक्का लागला नाही."

अध्यक्ष मध्ये पडले. "बाई, घ्या की चौथी. किती ताणायचं? लय झालं आता."

"अध्यक्ष, ते उत्तर तुमच्या मुलाचं होतं. ते बरोबर आहे असं सांगून त्याला कुणी फसवलं, याचा तुम्हाला राग यायला पाहिजे. मलाच का येतोय?"

 साहेब निघून गेले. उपक्रम दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत झाला, व्हिडिओही निघाला. त्यात पोरांची तोंडं कॅमेऱ्याकडे होती, त्यामुळे सगळे आकडे उलट्या दिशेने सरकत होते. बाईंनी तो माझ्या मोबाइलवर पाहिला आणि इतकंच म्हणाल्या, "दहापट करायला गेले आणि दहावा भाग केला." चौथी त्यांना परत मिळाली नाही ती नाहीच.

निवृत्तीचा समारंभ नको म्हणत होत्या, गावाने ऐकलं नाही. पटांगणात मांडव पडला. जुनी पोरं आली, आता सहावीत गेलेली चौथीची ती तुकडी आली, बागेतल्या बायका काम आटोपून आल्या. मावशींनी खिचडी केली. प्रमुख पाहुणे साहेब. त्यांनी लांबलचक भाषण केलं. बाईंची निष्ठा, बाईंची तळमळ, बाईंचं योगदान. मग शाल उघडली आणि दोन्ही हातांत धरून पुढे आले.

बाईंनी तळहात वर केला. "साहेब, शाल नंतर. आधी ते वाक्य."

माइक चालू होता. मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. साहेब हसले, "आमच्या बाई फार विनोदी." कुणी हसलं नाही. बाई हात खाली सोडून सरळ उभ्या होत्या. साहेब उघडी शाल धरून, वाळत घालायला दोरी शोधत असल्यासारखे. इकडे बघ, तिकडे बघ. मला वाटलं, आता म्हणेल, दोन शब्द आहेत, म्हणून टाकेल.

अध्यक्ष उठले. माइक हातात घेतला. "बाई, माझ्या पोराचं चुकलं व्हतं. तीस, बाकी सात. मी म्हणतो समद्यांपुढं."

"तुमचं पोचलं, अध्यक्ष," बाई म्हणाल्या.  "पण टाळ्या तुम्ही वाजवायला लावल्या नव्हत्या."

परत सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी शालीची घडी घातली, खुर्चीवर ठेवली, पुढे एक बैठक आहे असं कुणाला तरी सांगितलं आणि मांडवातून बाहेर पडले. मी मागच्या बाजूला होते. पेठकडची ती मुलगी तिथेच तिच्या आईशेजारी उभी होती, आता चांगली उंच झालेली. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत ती बघत राहिली.

"आये," ती म्हणाली, "त्याला म्हाईत हाय. तो चुकला ते त्याला म्हाईत हाय. म्हून पळाला."

हे मी बाईंना जीपमध्ये सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हसरूळ येईपर्यंत सोडला नाही. उतरताना म्हणाल्या, "मग तिचं काम झालं. आता साहेबांचं राहिलं."

साहेब पुढे बदलून दुसरीकडे गेले, वरच्या जागेवर गेले असं ऐकते. शाल शाळेच्या कपाटात आहे. मी ती अधूनमधून उन्हात टाकते, झटकते, परत ठेवते. नवीन आलेल्या शिक्षिकेने एकदा विचारलं, ही कुणाची, नेऊन का देत नाही. मी म्हटलं, अजून द्यायची वेळ आलेली नाही. बाईंचा फोन येतो, ओझरच्या नातवाची कौतुकं सांगून होतात, माझ्या चौथीची चौकशी होते, आणि फोन ठेवताना त्या दर वेळी विचारतात.

"म्हणाले का ते?"

"नाही, बाई."

"मग राहू दे शाल तिथंच."